तिसऱ्या बेसकडची तीन तिकिटं

आमच्या गल्लीत एक मोठा टीव्ही लावायचा, एवढंच ठरलं होतं. यात कोणाचा संसार धोक्यात यावा असं काही आहे का, तुम्हीच सांगा.

गल्ली म्हणजे कोबेच्या पश्चिमेकडची आमची छत घातलेली बाजारगल्ली. एकूण एकतीस दुकानं, त्यातली अकरा कायमची बंद, आणि उरलेल्यांपैकी निम्म्यांत मालक डुलक्या घेत बसलेले. आमचं दुकान गाद्यांचं, त्यामुळे आमच्याकडे झोपायला निदान सबब तरी आहे. गल्लीचे अध्यक्ष मासळीवाले उराबेशेठ. एप्रिलमध्ये त्यांच्या डोक्यात आलं, की आपल्या पेलिकन्सच्या बेसबॉल मॅचेस गल्लीत मोठ्या पडद्यावर दाखवायच्या. लोकांनी गळ्यात हिरवे टॉवेल घालावेत, हातात प्लॅस्टिकचे भोंगे घ्यावेत, गावं, नाचावं, आणि घरी जाता जाता चार बांगडे घेऊन जावेत.

"आणि गादी कोण घेऊन जाणार?" मी विचारलं.

"नाचून दमल्यावर माणसाला काय लागतं?" उराबेशेठ म्हणाले. "गादीच ना? बघ, तुझा किती विचार केलाय."

गल्लीचा सेक्रेटरी मी. कसा झालो ते विचारू नका. मी मिझोगुचींच्या घरी घरजावई. लग्नात मी त्यांचं आडनाव घेतलं, त्यांचं दुकान घेतलं, आणि त्याबरोबर 'नाही' हा शब्द नागोयाला माहेरीच ठेवून आलो. तेव्हा परवानगीचा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात मलाच जावं लागलं.

तिथे आवाजाच्या टेबलावर कुसुमोतो बाई बसतात. अतिशय सभ्य बाई. इतक्या सभ्य, की नकार मिळालाय हे बाहेर आल्यावर जिन्यात लक्षात येतं. अर्जात एक रकाना होता, 'आवाजाचं स्वरूप'. त्यात उराबेशेठनी ब्रशनं झोकात लिहिलं होतं: 'सगळ्यात भारी माहोलाच्या स्टेडियमसारखं'.

"कोणतं स्टेडियम?" बाईंनी विचारलं.

"असं एक नाही. सगळ्यात भारी माहोल असतो ते."

"सगळ्यात भारी म्हणजे किती?"

"म्हणजे... भरपूर."

"भरपूर असा आकडा नसतो हो, मिझोगुची साहेब," बाई फार वाईट वाटून म्हणाल्या. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक पुस्तिका काढली. आवाजाची सरासरी तीन ठिकाणांवरून काढायची, प्रत्येक ठिकाणी अर्जदारानं स्वतः मीटर घेऊन हजर राहायचं, सोबत दोन साक्षीदार हवेत. जूनच्या शेवटच्या सोमवारी खिडकी बंद.

अशी ही भारी माहोलाच्या स्टेडियमांची यात्रा माझ्या गळ्यात पडली.

आता तीन स्टेडियम कोणती, यावर गल्लीत चार बैठका झाल्या. ज्यांनी उभ्या आयुष्यात घरच्या सोफ्याच्या बाहेर मॅच पाहिली नव्हती त्यांची मतं सगळ्यात ठाम होती. पहिलं नाव एकमतानं, आपलं बंदरावरचं पेलिकन्सचं. दुसरं ओकायामाचं, टेकडीवरचं. तिसऱ्यासाठी न्हावी मोत्सुकी एका साप्ताहिकातलं कात्रण घेऊन आले. साऱ्या देशातल्या वाचकांनी मतं दिलेली. 'माहोल' या सदरात पहिला नंबर, नागोयाच्या हॅमर्सचा नवा डोम.

मी ते कात्रण उलटं करून टेबलावर ठेवलं.

त्याचं असं आहे. बावीस वर्षांपूर्वी मी सायोकोला मागणी घालायला या घरात आलो, तेव्हा सासरेबुवांनी मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, "घेतोस का?" मी म्हणालो, "थोडी." दुसरा, "पेलिकन्स ना?" त्यांच्यामागे भिंतीवर पेलिकन्सचं कॅलेंडर, उशाशी पेलिकन्सची उशी, सासूबाईंच्या हातात पेलिकन्सचा हिरवा पंखा. माझ्याआधी सायोकोला बघायला आलेला एक चांगला बँकेतला मुलगा याच खोलीतून परत गेला होता, कारण त्यानं घाम पुसायला जांभळा रुमाल काढला. जांभळा म्हणजे हॅमर्सचा रंग. मी सायोकोकडे बघितलं आणि म्हणालो, "हो तर. पेलिकन्सच."

मी जन्मापासून हॅमर्सचा. नुसता हॅमर्सचा नाही. कॉलेजात असताना तीन वर्षं मी त्यांच्या जल्लोष मंडळात मोठा ढोल वाजवायचो. तळहाताला पडलेले घट्टे सासूबाईंनी पाहिले तेव्हा 'गाद्या उचलून पडलेत' असं सांगितलं. त्या दिवसापासून मी या घरात गुप्तहेरासारखा राहिलो. अपमान कसले कसले गिळले म्हणून सांगू! हॅमर्स हरले की टाळ्या वाजवायच्या. हॅमर्सच्या पिचरला 'भोपळा' म्हणायचं. वाढदिवसाला हिरवे मोजे मिळाले की डोळ्यांत पाणी आणायचं, आणि ते खरंच यायचं.

फक्त पेलिकन्स विरुद्ध हॅमर्स अशी मॅच असली की माझ्या चेहऱ्याचा मला भरवसा नसे. मग मी न्हाणीघर घासायला जायचो. दार लावायचं, पाणी सोडायचं, ब्रश घ्यायचा. सुदैवानं आमचा रेडिओ न्हाणीघराच्या दाराबाहेरच्या फळीवर असतो, त्यामुळे एकही चेंडू चुकायचा नाही. हॅमर्स हरले की पाण्याच्या आवाजात माणसाला मोकळेपणी हळहळता येतं.

आणि आता हे लोक मला घेऊन नागोयाला निघाले होते. साक्षीदार क्रमांक एक, उराबेशेठ. साक्षीदार क्रमांक दोन, सासरेबुवा.

पहिली मोजणी घरच्याच मैदानावर. मीटर उराबेशेठच्या मेव्हण्यानं दिलं. तो पडदे विकतो, आवाज न येणारे. मीटर मांडीवर ठेवून मी बसलो आणि सातव्या इनिंगला, सगळं मैदान रिवाजानं फुगे सोडतं त्याच्या आधी, सासरेबुवांनी ओळखीचा एक माणूस दिसला म्हणून थेट मीटरवरून हाक मारली. काटा गेला तो परत आलाच नाही. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या छातीत एवढी हवा असते हे त्या मेव्हण्यालाही पटेना. आकडा लिहिला एकशे चार, पुढे कंसात 'सासरे'. कुसुमोतो बाईंनी फोनवर सांगितलं, कंस काढा.

दुसरं ओकायामा. तिथे मैदानाला लागून हॉस्पिटल, त्यामुळे ढोल आणि तुताऱ्यांना बंदी. फक्त हातांनी टाळ्या. सतरा हजार माणसं एका तालात टाळ्या वाजवतात हो! सासरेबुवांच्या अंगावर काटा आला. "ढोल नाही तेच बरं," ते म्हणाले. "ढोलवाल्यांना आपणच मॅच जिंकतोय असं वाटतं." मी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एक फाउल चेंडू उडाला आणि उराबेशेठच्या जेवणाच्या डब्यात पडला. शिट्ट्या वाजल्या, तीन कर्मचारी धावत आले.

"लागलं का साहेब?"

"मला नाही, ऑक्टोपसला," उराबेशेठ म्हणाले.

त्यांच्या अपघाताच्या फॉर्मवर 'कोणाला लागले' या रकान्यात डबा लिहिता येत नव्हता. डबा हा उराबेशेठचा भाग समजावा की त्यांचं सामान, यावर दोन इनिंग चर्चा झाली. शेवटी उराबेशेठनी 'पोट' असं लिहून सही केली. या गडबडीत मी आकडा घेतला, अठ्ठ्याऐंशी.

राहिलं नागोया, तेही शेवटच्या शनिवारी, दुपारची मॅच. सोमवारी खिडकी बंद. मी शेवटचे प्रयत्न करून पाहिले. माझी कंबर दुखायला लागली. मोत्सुकींनी कंबर दाबून दिली. दुकानात गिऱ्हाईक असेल म्हणालो. सगळे पाच मिनिटं हसत होते.

"अहो, जा ना," सायोको म्हणाली. "एवढे काय घाबरताय? नागोयात तुम्हाला कोण ओळखतंय आता!"

तिकिटं काढायला आम्ही कोपऱ्यावरच्या चोवीस तासवाल्या दुकानातल्या मशीनसमोर उभे राहिलो. मी पुढे, उराबेशेठ आणि मोत्सुकी माझ्या दोन खांद्यांवरून वाकलेले. मशीननं विचारलं, जल्लोषाच्या जागा, पहिल्या बेसकडच्या की तिसऱ्या बेसकडच्या?

आता हे शेंबड्या पोरालाही कळतं. घरचा संघ पहिल्या बेसकडे बसतो आणि पाहुणा तिसऱ्या बेसकडे. आमच्या बंदरावर तसंच, ओकायामाला तसंच, आणि नागोयाच्या जुन्या मैदानावर तर तसंच होतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत? तीन वर्षं तिथे पहिल्या बेसकडेच माझे खांदे भरून आले होते. मशीनवर खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. ते मी वाचणार, तोच पडद्यावर आलं, 'आपला वेळ संपत आला आहे'.

"तिसरा दाब, तिसरा!" उराबेशेठ ओरडले.

"दाबतोय हो!" मी म्हणालो आणि दाबला.

शनिवारी आम्ही तिघं हिरव्या रंगात सजून डोमला पोचलो. सासरेबुवांच्या अंगावर सासूबाईंनी हातानं पेलिकन भरलेला हिरवा अंगरखा. सासूबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून मोठ्या मॅचला ते तोच घालतात. उराबेशेठ डोक्यापासून मोज्यांपर्यंत हिरवे. मी टोपी डोळ्यांवर ओढून घेतलेली. फाटकावर एका तरुण रखवालदारानं तिकिटं बघितली, आम्हाला बघितलं, पुन्हा तिकिटं बघितली, आणि कमरेत इतका वाकला की मला तिथेच धोका कळला.

"माफ करा साहेब. या जागा हॅमर्सच्या जल्लोषाच्या आहेत."

"तिसरा बेस आहे ना?" उराबेशेठ गरजले.

"हो साहेब. नव्या डोममध्ये आमचा संघ तिसऱ्या बेसकडे बसतो. उन्हाळ्यात तिकडच्या खोल्या जास्त गार राहतात म्हणून."

सांगा आता! बावीस वर्षं पोटात लपवून ठेवलेलं ज्ञान एकदा वापरायची वेळ आली, आणि ते शिळं निघालं. खेळाडूंना गार वाटावं म्हणून माझा घाम निघत होता.

सगळी तिकिटं खपलेली, त्यामुळे जागा बदलून मिळेना. नियम साधा होता. जांभळ्या जागांत हिरवं काही दिसता कामा नये. एकतर हिरवं उतरवून आत जा, नाहीतर परत जा. उराबेशेठ म्हणाले, परत. सासरेबुवा अंगरख्याच्या गाठी सोडायला लागले.

"बाबा, नको," मी म्हणालो. मला फार वाईट वाटलं. "आकड्याचं काय, मी काहीतरी लिहीन."

"खोटा आकडा?" ते म्हणाले. "आपल्या घरात खोटं चालत नाही." त्यांनी अंगरखा नीट घडी घालून पिशवीत ठेवला. आतली पांढरी बंडी दिसायला लागली. उराबेशेठचं सगळंच हिरवं निघाल्यामुळे रखवालदारानं त्यांना पावसाळी पारदर्शक कोट दिला, मग तो पारदर्शक आहे हे लक्षात आल्यावर एक मोठं जांभळं पोतं दिलं. त्यात ते बसले.

आमच्या बाजूला साठीच्या एक बाई होत्या. डोक्याला जांभळी पट्टी. त्यांनी आम्हाला तीन जांभळे भोंगे दिले. "तुम्ही गाऊ नका हवं तर," त्या म्हणाल्या, "पण उभे राहा. बसलात तर मागच्यांना वाटतं तुम्ही रुसलात."

तर आम्ही उभे राहिलो. हॅमर्सची बॅटिंग आली की सगळे उठायचे आणि प्रत्येक खेळाडूचं त्याचं त्याचं गाणं म्हणायचे. पहिल्या इनिंगला मी दात घट्ट मिटून होतो. दुसऱ्या इनिंगला माझा डावा पाय आपोआप हलायला लागला. मी त्याच्यावर उजवा पाय ठेवला. चौथ्याला माझे ओठ हलायला लागले तेव्हा मी जांभई दिल्यासारखं केलं. एका गाण्याला अकरा जांभया दिल्यावर उराबेशेठ पोत्यातून म्हणाले, "अरे, झोप लागत नाही का तुला घरी? गाद्यांचं दुकान ना तुझं?"

बाबा मात्र शांत उभे होते. मीटर त्यांच्या हातात होतं. आठव्या इनिंगपर्यंत सर्वांत मोठा आकडा पंचाण्णव. पेलिकन्स एका रननं पुढे. सुटलो, आता एक इनिंग, असं मी मनात म्हणालो.

नवव्या, शेवटच्या इनिंगला हॅमर्सचे दोन गडी बाद झाले आणि तिन्ही बेस भरले. अशा वेळी एकच गोष्ट वाजते. 'घाव'. धाड, धाड, धाड, मग एक श्वास, मग धडाड! तीन ठोके सारख्या अंतरावर आणि श्वास बरोबर एका ठोक्याचा. ही चाल बसवली होती मीच. एकोणीस वर्षांचा असताना, आईच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर. आणि ती आजही वाजते हे मला रेडिओवरून माहीत होतं. पण रेडिओवर खरखरीत कळलं नव्हतं ते आता कळलं. नवा ढोलवाला तिसरा ठोका उशिरा मारत होता!

पहिल्यांदा मी सोडून दिलं. दुसऱ्यांदा माझ्या कानशिलात काहीतरी उडायला लागलं. माणूस सगळं सहन करतो हो. मी हिरवे मोजे सहन केले. माझ्या लाडक्या पिचरला मी स्वतः भोपळा म्हणालो. पण ते भर डोममध्ये चाळीस हजार लोकांसमोर माझा तिसरा ठोका उशिरा मारत होते, आणि बॅट्समन बिचारा त्याच तालावर बॅट हलवत होता!

"अहो, तिसरा!" मी ओरडलो. "तिसरा उशिरा पडतोय! श्वास कुठे गेला? श्वास घ्या ना मधे!"

चार रांगा वळून बघायला लागल्या. ढोलाशेजारी शिट्टी घेऊन उभा असलेला जल्लोष मंडळाचा म्होरक्या वळला. पोट सुटलेलं, केस विरळ, पण तोच हातानो. आमच्या वेळी तो झेंडा धरायचा.

"नोबु?" तो म्हणाला. "अरे, डब्यावाला नोबु? मेलास असं ऐकलं होतं!"

"लग्न झालं," मी म्हणालो.

"वर ये! ये लवकर, दोन बाद आहेत!" त्यानं ढोलाच्या काठ्या पुढे केल्या.

मी बाबांकडे बघितलं. त्या एका क्षणात मला काय काय दिसलं म्हणून सांगू. भिंतीवरचं कॅलेंडर, जांभळा रुमाल घेऊन परत गेलेला तो बँकेतला मुलगा, दुकानाच्या पाटीवरचं आडनाव, आणि सायोको. बावीस वर्षं जपलेलं घर मी एका ठोक्यासाठी घालवलं होतं. खाली मान घालून उभा राहिलो. पोत्यातून उराबेशेठचं फक्त तोंड दिसत होतं, तेही मिटलेलं.

बाबांनी मीटर वर धरलं. चष्मा सारखा केला.

"जा," ते म्हणाले. "वाजव नीट. पंचाण्णववर अडलंय हे."

मी काय वाजवलं मला आठवत नाही. चेंडू डाव्या कोपऱ्यात गेला तीन गडी धावत घरच्या बेसवर आले आणि हॅमर्स जिंकले, एवढं कळलं. शेजारच्या बाई उराबेशेठच्या गळ्यात पडून रडल्या. आकडा आला एकशे नऊ.

परतीच्या बुलेट ट्रेनमध्ये आम्ही तिघं एका रांगेत बसलो. उराबेशेठ डोळे मिटून. बाबांनी पुन्हा अंगरखा घातला होता आणि मांडीवर नागोयाच्या तिखट कोंबडीच्या पंखांचं खोकं उघडलं होतं. ते एकेक पंख अगदी निगुतीनं, हाड पांढरं होईपर्यंत खात होते.

"हे मात्र चांगलं करतात तुमचे लोक," ते म्हणाले.

'तुमचे लोक' ऐकून मी त्यांच्याकडे वळलो. "बाबा, मला काही सांगायचंय."

"पंख संपू दे."

पंख संपला. हात पुसून झाले.

"बाबा, मी बावीस वर्षं तुम्हाला फसवलं."

"बावीस नाही," ते म्हणाले. "दोन महिने. त्यानंतर मला माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टीत माणूस फसेल कसा?"

"म्हणजे कसं?" मी विचारलं.

"अरे, नागोयाशी मॅच असली की तू न्हाणीघरात. इतर वेळी तुला ब्रश कुठे असतो ते माहीत नाही. नागोया जिंकली की फरशी घासलेली असते, हरली की टब. ज्या वर्षी ते शेवटच्या नंबरावर आले, त्या वर्षी टबाचा रंग गेला. मी सकाळी पेपर उघडत नाही, न्हाणीघरात डोकावतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर घासलं कोणी असतं?"

मी इतका लाजलो की खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बोगदा होता, त्यात मला माझंच तोंड दिसलं.

"मी बोलणार होतो," बाबा म्हणाले. "पहिल्याच वर्षी. तुझ्या सासूनं अडवलं. म्हणाली, जो मुलगा आपल्या सायोसाठी स्वतःची टीम गिळतो, तो या घरातून कुठे जाणार नाही. राहू दे त्याला." त्यांनी दुसरा पंख उचलला, पण खाल्ला नाही. "आणि तो रेडिओ फळीवर कोणी ठेवला असं तुला वाटतं? आधी तो स्वयंपाकघरात होता. ती म्हणाली, पोरगा दाराच्या फटीला कान लावून वाकून उभा असतो, कंबर जाईल त्याची."

मला रडू आलं. साठ मैलांच्या अंतरात मी तीन रुमाल भिजवले, आणि सांगायला हरकत नाही, इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. बावीस वर्षांनी पहिल्यांदा मी पाठ टेकून बसलो.

मग एकदम माझा स्वाभिमान जागा झाला. "आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही ते विचार."

"मला माहीत आहे," उराबेशेठ डोळे न उघडता म्हणाले. "मोत्सुकीला माझ्या आधीपासून. तुझी मान कापसासारखी मऊ असते, फक्त नागोया हरली की लाकूड होते म्हणे. पण त्या दिवशी मशीनवर तिसरा दाब म्हणालो ते मुद्दाम नव्हतं हं. शपथ."

"आणि सायोकोला?"

"ती तुझ्या पेटीतल्या जांभळ्या टॉवेलला दर वसंतात ऊन दाखवते," बाबा म्हणाले. "कसर लागू नये म्हणून."

एवढा मोठा गुप्तहेर मी! माझ्या गुपिताला बायको ऊन दाखवत होती.

सोमवारी खिडकी बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी मी कुसुमोतो बाईंसमोर उभा होतो. एकशे नऊ हा आकडा बघून त्यांनी विचारलं, "मोजताना अर्जदार स्वतः कुठे होते?"

"ढोलावर."

"म्हणजे आवाज अर्जदारानंच केला?"

"बराचसा."

बाईंना खरंच वाईट वाटलं. तो आकडा बाद झाला. पहिला आकडाही, कंस काढला तरी, सासऱ्यांमुळे बाद झाला. राहिला ओकायामाचा अठ्ठ्याऐंशी, त्याची सरासरी अठ्ठ्याऐंशीच. परवानगी मिळाली, फक्त टाळ्यांची, तीही दिवसाच्या मॅचना. शिक्का मारता मारता बाईंनी हळूच विचारलं, "माफ करा हं, ते न्हाणीघरवाले तुम्हीच का?"

जुलैच्या पहिल्या रविवारी गल्लीत पडदा लागला. योगायोगानं पेलिकन्स विरुद्ध हॅमर्सच. सकाळी सायोकोनं तो टॉवेल माझ्या हातात दिला. मी छाती पुढे काढून, गळ्यात जांभळा टॉवेल घालून, भर हिरव्या गल्लीत आलो. काहीतरी होईल असं वाटलं होतं. कोणी ढुंकून पाहिलं नाही. मोत्सुकी एवढंच म्हणाले, "काय हो, रंग फारच उडालाय याचा. नवा घ्या की आता." बाबांनी शेजारची खुर्ची सरकवली. मी उघड उघड, सगळ्यांदेखत, हॅमर्ससाठी एकटा टाळ्या वाजवल्या.

नऊ विरुद्ध एक असे हरलो. सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. उराबेशेठनी बर्फ फोडणं थांबवलं.

बाबा आत गेले, ब्रश घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. "आज टब," ते म्हणाले. "आणि दार लावायचं काही कारण नाही आता."

मी टबात उतरलो, दार सताड उघडं टाकलं, आणि घासता घासता हॅमर्सची सगळी गाणी पहिल्या गड्यापासून नवव्या गड्यापर्यंत पूर्ण आवाजात म्हटली. शेवटी 'घाव' घेतला. तेव्हा बाहेरून ठोके ऐकू आले. डोकावून बघितलं तर दुकानाच्या मागच्या बाजूला, त्या हिरव्या अंगरख्यातच, सासरेबुवा वाळत घातलेल्या गादीवर वेताचा झोडपा मारत होते. धाड, धाड, धाड, श्वास, धडाड!

तिसरा ठोका चांगलाच उशिरा पडत होता. मी त्यांच्या तालावर टब घासत राहिलो.